फायब्रोमायॅल्जिया : न दिसणारे दुखणे

शरीरात कोठे दुखू लागले की त्यामागे डोळ्यांना दिसेल असे काही कारण असावे, अशी माणसाची स्वाभाविक समजूत असते. काटा रुतला तर जखम दिसते, हाड मोडले तर क्ष-किरण चित्रात भेग दिसते, सांधा सुजला तर हाताला तो गरम लागतो. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र ही समजूत अपुरी पडते. मानेपासून पावलांपर्यंत महिनोन् महिने अंग ठणकत असते. रात्रभर अंथरुणावर पडूनही सकाळी उठताना शिणवटा तसाच असतो. आणि तरीही रक्ताच्या तपासण्या, क्ष-किरण चित्रे, इतकेच काय, खर्चिक एमआरआय तपासणीसुद्धा कोणताही दोष दाखवीत नाही. “तुम्हांला काहीही झालेले नाही,” हे वाक्य अशा रुग्णाला दिलासा देत नाही. घरातील माणसांच्या मनात मात्र ते संशय निर्माण करते. काम टाळण्यासाठी केलेले हे सोंग तर नसेल ना, अशी कुजबुज सुरू होते. या दुखण्याला वैद्यकशास्त्रात ‘फायब्रोमायॅल्जिया’ असे नाव आहे.

हे नाव तीन शब्दांच्या जोडणीतून तयार झाले आहे. लॅटिन भाषेत ‘फायब्रा’ म्हणजे तंतू. ग्रीक भाषेत ‘मायॉस’ म्हणजे स्नायू आणि ‘अल्गॉस’ म्हणजे वेदना. तंतूंची व स्नायूंची वेदना, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मराठीत या विकाराला सर्वमान्य असा प्रतिशब्द रूढ झालेला नाही. बोलताना लोक ‘अंगदुखी’ म्हणतात किंवा ‘वात आहे’ असे म्हणून मोकळे होतात. परंतु वात म्हटले की संधिवात डोळ्यांसमोर येतो, आणि तेथे घोटाळा होतो. संधिवातात सांध्यांना सूज येते, वेळीच उपचार न झाल्यास ते झिजतात, वाकडे होतात. फायब्रोमायॅल्जियात सांधे वाकडे होत नाहीत, स्नायूंचा नाश होत नाही आणि या विकाराने मृत्यूही ओढवत नाही. तो माणसाला मारीत नाही, परंतु त्याचे जगणे अवघड करून सोडतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांनुसार प्रौढ व्यक्तींमध्ये शंभरांत साधारणपणे दोन ते चार जणांना हा विकार असतो.

त्याचे मुख्य लक्षण म्हणजे दूरवर पसरलेली वेदना. ती शरीराच्या उजव्या व डाव्या अशा दोन्ही बाजूंना, तसेच कमरेच्या वर आणि खालीही जाणवते. कधी ती ठणक्यासारखी असते, कधी जळजळीसारखी, तर कधी तापाची कणकण येऊन अंग मोडून यावे तशी. ती एका जागी स्थिर राहत नाही. काल खांदा दुखत होता, आज मांडी दुखते, असे रुग्ण सांगतो, आणि नेमक्या याच कारणाने ऐकणाऱ्याचा विश्वास उडतो. खरे पाहता, वेदनेचे असे जागा बदलणे हा त्या विकाराचाच गुणधर्म आहे. वेदनेच्या जोडीला थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि मनाची एकाग्रता न होणे ही लक्षणे असतात. बोलता बोलता शब्द आठवेनासा होतो, दुधाचे पातेले चुलीवर ठेवल्याचे विसरले जाते. इंग्रजी बोलणारे रुग्ण या अवस्थेला ‘फॉग’ म्हणजे धुके म्हणतात. पुष्कळांना डोकेदुखी, पोटात मुरडा, जबड्याचे दुखणे असा त्रास होतो. प्रखर उजेड, मोठा आवाज, उग्र वास किंवा थंडी त्यांना इतरांपेक्षा लवकर असह्य होते.

या विकाराचे कारण शोधताना वैद्यकशास्त्राने बराच काळ चुकीच्या दिशेने प्रवास केला. १९०४ साली विल्यम गॉवर्स या ब्रिटिश चेतारोगतज्ज्ञाने कंबरदुखीवर व्याख्यान देताना ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द योजला. वैद्यकीय परिभाषेत ‘आयटिस’ हा प्रत्यय दाह दर्शवितो. स्नायूंना वेढणाऱ्या तंतुमय भागाला दाह होत असावा, असे गॉवर्स यांना वाटले होते. त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तुकडे वारंवार तपासले; दाहाचा पुरावा काही हाती लागला नाही. तरीही ते नाव सुमारे सत्तर वर्षे टिकून राहिले. नाव एकदा रूढ झाले की ते चुकीचे ठरल्यावरही सहजासहजी जात नाही.

या प्रश्नाला नवी दिशा मिळाली ती कॅनडातील टोरांटो शहरात. तेथे ह्यू स्माइद आणि हार्वी मोल्डॉफ्स्की हे दोन डॉक्टर या रुग्णांचा अभ्यास करीत होते. मोल्डॉफ्स्की यांचा विषय झोप हा होता. गाढ झोपेत मेंदूतील विद्युत्-लहरी संथ होतात. या रुग्णांच्या गाढ झोपेत मात्र जागेपणीच्या लहरी मध्येच घुसलेल्या दिसल्या. जणू शरीर झोपले होते आणि मेंदू पहारा देत बसला होता. मग त्यांनी काही निरोगी व्यक्तींची गाढ झोप आवाज करून मुद्दाम मोडली. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष लक्षणीय होता : अवघ्या काही रात्रींत त्या निरोगी व्यक्तींचे अंग दुखू लागले व त्यांना थकवा जाणवू लागला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७६ साली, फिलिप हेंच यांनी दाहाचा उल्लेख टाळणारा ‘फायब्रोमायॅल्जिया’ हा शब्द सुचविला.

दाह नाही, जखम नाही, मग वेदना येते कोठून? हे समजण्यासाठी वेदनेचा मार्ग पाहावा लागतो. त्वचा, स्नायू, सांधे यांतील मज्जातंतूंची टोके दाब, उष्णता वा इजा यांची वार्ता मज्जारज्जूकडे पाठवितात. तेथून ती मेंदूत पोहोचते आणि मेंदूने तिची दखल घेतल्यावरच ‘दुखते’ ही जाणीव होते. ही वार्ता वाटेत जशीच्या तशी राहत नाही. ती वाढविण्याची आणि दाबण्याचीही व्यवस्था शरीरात आहे. कबड्डी खेळताना गुडघा सोलवटलेल्या खेळाडूला डाव संपेपर्यंत दुखल्याचे कळत नाही, कारण मेंदूकडून खाली येणारे संदेश मज्जारज्जूतच ती वार्ता अडवितात. सेरोटोनिन व नॉरएड्रेनॅलिन ही रासायनिक द्रव्ये या कामी येतात. फायब्रोमायॅल्जियात वेदना वाढविणारी यंत्रणा अतितत्पर आणि वेदना दाबणारी यंत्रणा मंद झालेली असते. उत्सवाच्या मंडपातील ध्वनिवर्धकाचे बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवावे आणि कोणी नुसते खाकरले तरी सारे आवार दणाणावे, तसा हा प्रकार असतो. बोलणारा ओरडत नसतो. बिघाड ध्वनिवर्धकात असतो. त्यामुळे बोलणाऱ्याचा घसा, म्हणजे स्नायू व सांधे, कितीही तपासले तरी तेथे काही सापडत नाही.

हे केवळ अनुमान नाही. फायब्रोमायॅल्जियाच्या रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात ‘सब्स्टन्स पी’ हे वेदनेची वार्ता नेणारे द्रव्य निरोगी व्यक्तींच्या सुमारे तिप्पट असल्याचे गेल्या शतकाच्या अखेरीस दिसून आले होते. २००२ साली अमेरिकेत रिचर्ड ग्रेसली व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग केला. सोळा रुग्ण आणि सोळा निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देण्यात आला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. निरोगी व्यक्तींना ज्या दाबाने दुखले त्याच्या जवळपास निम्म्या दाबाने रुग्णांना तितकेच दुखले, आणि तेवढ्या कमी दाबालाही त्यांच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग तशाच रीतीने कार्यरत झालेले दिसले. रुग्ण वेदना फुगवून सांगत नव्हते. त्यांना ती खरोखरच तेवढी होत होती.

अलीकडे या चित्रात आणखी भर पडली आहे. पुष्कळ रुग्णांच्या, परंतु सर्वांच्या नव्हे, त्वचेतील अतिसूक्ष्म मज्जातंतू विरळ झालेले असतात, असे २०१३ सालापासूनच्या अभ्यासांत आढळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचण्यात आली, तेव्हा ते उंदीर दाबाला आणि थंडीला अधिक संवेदनशील झाले. निरोगी व्यक्तींच्या प्रतिपिंडांनी तसा परिणाम झाला नाही. यावरून रोगप्रतिकार यंत्रणेचाही यात काही वाटा असावा, असा विचार पुढे आला आहे. तथापि उंदरांवरील एका प्रयोगावरून माणसांवरचा उपचार सिद्ध होत नाही. हा विकार काही कुटुंबांत अधिक आढळतो. अपघात, मोठे आजारपण किंवा दीर्घकाळचा मानसिक ताण यांनंतर तो सुरू झाल्याचे पुष्कळ रुग्ण सांगतात; काहींच्या बाबतीत असे कोणतेच निमित्त आढळत नाही.

हे दुखणे मनाचे आहे काय, हा प्रश्न येथे हटकून विचारला जातो. अनेक रुग्णांना नैराश्य किंवा चिंता यांचा त्रास असतो हे खरे आहे. पण पुष्कळांना तो नसतो. शिवाय वर्षानुवर्षे दुखत असेल, झोप नसेल आणि घरात कोणाचा विश्वासही नसेल, तर खचून न जाणारे मन विरळाच म्हणावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘दीर्घकालीन प्राथमिक वेदना’ असा स्वतंत्र गट आहे व फायब्रोमायॅल्जियाचा समावेश त्यात होतो. वेदना हे दुसऱ्या एखाद्या रोगाचे लक्षण नसून ती स्वतःच रोग असू शकते, ही गोष्ट त्यामुळे अधिकृतपणे स्वीकारली गेली आहे.

निदानाच्या पद्धतीतही बदल होत गेले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने, पहिले सर्वमान्य निकष ठरविले. शरीरावरील १८ ठरावीक बिंदू अंगठ्याने सुमारे ४ किलोग्रॅम दाब देऊन तपासावयाचे, आणि त्यांपैकी किमान ११ बिंदूंवर दुखले तर निदान करावयाचे, अशी ती पद्धत होती. तीत एक उणीव होती. तेवढ्याच दाबाने स्त्रियांना पुरुषांपेक्षा सहज दुखते. परिणामी हा जवळजवळ केवळ स्त्रियांचाच विकार आहे असा समज पसरला आणि दुखणे अंगावर काढणाऱ्या पुरुषांकडे दुर्लक्ष झाले. पुढील निकषांनुसार मोजणी केली असता स्त्री-पुरुषांमधील हे अंतर बरेच कमी होते.

२०१० साली आलेल्या आणि २०१६ साली सुधारलेल्या निकषांत बिंदू दाबून पाहण्याची अट नाही. त्यात रुग्णाला विचारावयाचे असते. शरीराचे १९ भाग मानलेले आहेत : मान, छाती, पोट, पाठीचा वरचा व खालचा भाग, तसेच दोन्ही बाजूंचे जबडे, खांदे, दंड, पुढचे हात, नितंब, मांड्या आणि पोटऱ्या. गेल्या आठवड्यात यांपैकी किती भागांत दुखले, ते मोजले जाते. त्यानंतर थकवा, उठल्यावर ताजेतवाने न वाटणे आणि विचारशक्तीतील अडचण यांची तीव्रता प्रत्येकी शून्य ते तीन अशा अंकांनी नोंदविली जाते. डोकेदुखी, ओटीपोटातील दुखणे व नैराश्य यांसाठी प्रत्येकी एक अंक असतो. समजा, एखाद्या रुग्णाचे नऊ भाग दुखतात आणि लक्षणांचे सात अंक होतात. सात किंवा अधिक भाग व पाच किंवा अधिक अंक, ही अट तो पूर्ण करतो. दुखणारे भाग चार ते सहाच असतील, तर लक्षणांचे अंक किमान नऊ हवेत. वेदना शरीराच्या एकाच बाजूला साचलेली नसावी आणि हा त्रास तीन महिने तरी टिकलेला असावा, हेही पाहिले जाते. या निदानासाठी महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमका तोच सर्वांत दुर्मीळ असतो.

रक्ततपासणी मात्र टाळून चालत नाही, कारण इतर काही आजार हुबेहूब असेच दुखवितात. अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, कार्य मंदावले की अंग दुखते आणि थकवा येतो. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हाडे मऊ पडून ठणकतात. चिकुनगुन्यानंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात. संधिवाताची सुरुवातही कधी कधी अशीच असते. ताप येणे, वजन घटणे, सांध्यांवर सूज दिसणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही चिन्हे फायब्रोमायॅल्जियाची नव्हेत. ती आढळल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे. उलट, एखाद्या रुग्णाला संधिवात आणि फायब्रोमायॅल्जिया हे दोन्ही एकाच वेळी असू शकतात. मग संधिवाताचे औषध वाढवीत नेले तरी वेदना कमी का होत नाही, हे कोडे सुटते.

आपल्याकडे अंगदुखीचे प्रमाण किती आहे याची कल्पना पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीवरून येते. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची माहिती घेतली. त्यांपैकी शंभरांत सुमारे अठरा जणांना हाडे, सांधे वा स्नायू यांच्या दुखण्याचा त्रास होता. खरा संधिवात झालेले त्यांत थोडे होते. गुडघ्यांची झीज, स्नायूंची दुखणी आणि कोणत्याच ठरावीक रोगात न बसणाऱ्या वेदना यांचे प्रमाण मोठे होते.

उपचारांचा आरंभ समजावून सांगण्यापासून होतो. ही वेदना खरी आहे, पण ती शरीराची मोडतोड होत असल्याची सूचना नाही, हे रुग्णाला पटणे आवश्यक असते. दुखते म्हणून हालचाल करायची नाही, हालचाल नाही म्हणून स्नायू दुबळे होतात, आणि दुबळे स्नायू थोड्याशा कामानेही दुखतात, असे हे चक्र असते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली उपलब्ध संशोधनाची छाननी केली, तेव्हा सर्व उपचारांपैकी व्यायाम या एकाच उपचाराची तिने ठामपणे शिफारस केली. हा व्यायाम म्हणजे व्यायामशाळेतील जोर-बैठका नव्हेत. रोज पाच-दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे आणि ते अंगवळणी पडल्यावर दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत, एवढ्यापासून प्रारंभ पुरेसा असतो. पहिल्या काही आठवड्यांत दुखणे किंचित वाढते आणि याच टप्प्यावर बहुतेक जण व्यायाम सोडतात. ताई-ची हा चिनी व्यायामप्रकार पोहणे वा वेगाने चालणे यांसारख्या व्यायामाइतकाच किंवा त्याहून थोडा अधिक उपयोगी पडल्याचे अमेरिकेत २२६ रुग्णांवर केलेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. योगासनांवरील अभ्यास आकाराने लहान असले तरी त्यांचे निष्कर्ष आशादायक आहेत.

कामाची विभागणी हाही उपचारच आहे. आज बरे वाटते म्हणून चार दिवसांची धुणी, धान्याची निवड-टिपण आणि घराची झाडलोट एकाच दिवशी उरकली, तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. बऱ्या दिवशी हात आखडता घेणे आणि वाईट दिवशीही थोडे चालणे, हे शिकावे लागते. झोपेची व उठण्याची वेळ ठरावीक ठेवणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे याचाही उपयोग होतो. विचार व वर्तन यांत बदल घडविणारी मानसोपचार पद्धती काहींना मोठा आधार देते. ती घ्यावी लागणे म्हणजे वेदना काल्पनिक असणे नव्हे.

औषधांचे स्थान दुय्यम आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, मिल्नासिप्रान आणि प्रिगॅबालिन ही त्यांतील प्रमुख औषधे होत. पहिली तीन नैराश्यावरील औषधे म्हणून ओळखली जातात. त्यामुळे औषधविक्रेत्याने सहज काही म्हटले की रुग्ण बिचकतो आणि गोळ्या बंद करतो. वास्तविक सेरोटोनिन व नॉरएड्रेनॅलिन यांच्यामार्फत ही औषधे वेदना दाबणाऱ्या यंत्रणेला बळ देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिनची मात्रा तर नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा पुष्कळच कमी असते. ही औषधे सर्वांना लागू पडत नाहीत. गुंगी येणे, तोंडाला कोरड पडणे, मळमळणे, वजन वाढणे असे दुष्परिणाम त्यांतील निरनिराळ्या औषधांनी होतात आणि ती एकाएकी बंद करणे योग्य नसते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारख्या दाहशामक गोळ्यांचा मात्र येथे फारसा उपयोग नाही, कारण शमविण्यासाठी दाहच नसतो. त्या वर्षानुवर्षे घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडे यांना अपाय होतो. स्टेरॉइड तसेच अफूवर्गीय तीव्र वेदनाशामके देऊ नयेत, असेच तज्ज्ञांचे मत आहे. नाव-पत्ता नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला, तर त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शंका घ्यावी.

उपचारांनी वेदना पूर्णपणे नाहीशी होतेच असे नाही. ती काही अंशांनी कमी होते, झोप सुधारते, बरे दिवस वाढतात. नोकरी किंवा घरकाम चालू ठेवता येते. कामाच्या ठिकाणी मात्र एक व्यावहारिक अडचण उरते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधी २०१६ साली झालेल्या कायद्याच्या सूचीत २१ प्रकारांचा समावेश आहे आणि त्यांत फायब्रोमायॅल्जियाचे नाव नाही. त्यामुळे केवळ या विकाराच्या नावाने दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागता येत नाही. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निदान लेखी घ्यावे. सलग किती वेळ उभे राहणे वा एका जागी बसणे शक्य आहे, किती वजन उचलता येईल आणि कामात किती वेळाने विश्रांती हवी, याचाही त्यात स्पष्ट उल्लेख करून घ्यावा. असा कागद हाती असला की मालकाशी किंवा वरिष्ठांशी बोलताना रुग्णाला आपल्या वेदनेचे वर्णन पुन्हा पुन्हा करावे लागत नाही.